डोक्याला डोकं

शेळगाव, मंगळवार, दिवेलागण

आज नातीच्या, ईश्वरीच्या, डोक्यात उवा निघाल्या. सूनबाईने फणी फिरवली तशा माझ्या पांढऱ्या पंच्यावर टपाटपा पडल्या.

"त्या शेजारच्या सानिकाकडनंच आल्यात. उद्यापासनं तिच्यापशी बसायचं न्हाय."

"आई, बाई म्हणल्या, वर्गात लई जणींच्या डोक्यात हायत."

"बाईंचं डोकं बघितलंय का कुणी?"

मला हसू आलं नाही. ईश्वरी आणि सानिका, दोघींना माझ्या शाळेच्या दिवसांतल्या पुस्तकातल्या कविता शिकवतो तो मीच. पुस्तक एकच उरलंय, म्हणून "डोक्याला डोकं लावा गं" असं रोज सांगणाराही मीच. मग दोष एकट्या सानिकाचा कसा? तेव्हाच का बोललो नाही? कविता बंद होतील म्हणून?

आत्ता सानिका दाराशी येऊन तशीच परत गेली. ईश्वरीने मान वर केली नाही. एका पुस्तकावर वाकलेली ती दोन डोकी डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझ्या गप्प बसण्याने त्यांची मैत्री तुटायची.

दोन दिवस माझंही डोकं खाजतंय, तेही लपवलंय. आता उठतो. टोपी काढून सूनबाईपुढे बसतो आणि सांगतो, "आधी माझं बघ, मग सानिकाला हाक मार."