फत्तूमचं दूध

३ रजब, सोमवार

मोंबासाचा माणूस परत फोनवर. नावं सांगितल्याचे किती पैसे पाठवू, म्हणतो! म्हटलं, तुझी पणजी माझ्या आजीची मैत्रीण. ही आठवण काय मी बाजारातून आणली? ठेव तुझ्याजवळ. तर रडायलाच लागला. एवढा बाप्या! फोन मुझ्नाच्या हातात दिला. बोलणं माझं, बटणं दाबणं नातीचं.

बापाकडची नावं सगळ्यांना पाठ असतात. माझ्याकडे येतात ते आईकडची विचारायला.

९ रजब

जावातल्या सुरबायाहून फारिसच्या आईनं मुझ्नाला मागणी घातली! हा फारिस गेल्या वर्षी इथे तरीमला आला होता. बाप लहानपणीच वारला. बापाचं नाव बदर, गाव तरीम — एवढ्यावर माणसं शोधायला निघाला. जावाला गेलेले तीन बदर मला ठाऊक. याचा कुठला? नाहीच लागला पत्ता. मला मात्र दोन लुंग्या देऊन गेला. मी काय लुंगी नेसू? पण पोरगा बरा. नजर खाली, जेवला पोटभर.

मुझ्नाचा बाप जिद्दाहून म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." मी हो म्हटलं. बिनआईची पोर मार्गी लागेल. शव्वालमध्ये लग्न.

१४ रजब

फारिसच्या आईनं नवऱ्याचा तरुणपणचा फोटो पाठवला. बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

आमच्या गल्लीतला बदर! भुवई फाटलेली — माझ्याच गच्चीवरून पडला होता. फत्तूमचा बदर.

शेजारची फत्तूम दौअनहून लग्न होऊन आली ती कडेवर बदरला घेऊनच. पहिल्या नवऱ्याचा असेल म्हणून आम्ही सगळ्या उम्म बदर म्हणायला लागलो. बदरची आई. आणि मुझ्ना जन्मली, तिच्या आईला तापानं गिळलं, तेव्हा हिला दूध कुणी पाजलं? याच फत्तूमनं. तिची धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. एका बाजूला ती, एका बाजूला ही. वर्षभर.

दूध पाजलं की आई झाली, तिची पोरं सख्खी भावंडं. म्हणजे बदर मुझ्नाचा भाऊ, आणि फारिस भाचा! भाच्याशी लग्न? तोबा!

१५ रजब

काही लिहवत नाही.

१७ रजब

गप्प बसले तर? बदर गेला. फत्तूम कधीची मुकल्ल्याला लेकीकडे. गल्लीतल्या बाकीच्या बायका मातीत. सुरबायात कुणाला कळणार?

मला कळणार. लोकांना नाती सांगत बसते आणि घरातलं लपवू?

मुझ्नाला सांगितलं. म्हणाली, "बरं, हबाबा." बस! मग मध घालून असीद खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. मला वाटलं, केवढं धीराचं पोर! आजीला त्रास नको म्हणून जेवतेय.

२० रजब

फत्तूमचा फोन लागत नाही. जिवंत आहे ना बया? सुरबायाला अजून कळवलं नाही. आधी तिच्या तोंडून ऐकते. पण काय निराळं ऐकणार?

मुझ्ना गाणं गुणगुणत भांडी घासते.

२४ रजब

लागला! उमऱ्याच्या यात्रेला गेली होती म्हणे. मी सगळं सांगितलं. मग असली हसली की फोन कानापासून लांब धरला.

"अगं मेले, बदर माझा भाऊ!"

"भाऊ?"

"आई वारली तेव्हा रांगत होता. बाप आधीच गेलेला. नवऱ्याला सांगितलं, याच्यासकट येईन नाहीतर येत नाही. कबूल झाला."

"मग उम्म बदर?"

"तुम्हीच म्हणायला लागलात. पोरालाही आई मिळाली. मी कशाला नाही म्हणू? आणि तू गं! जगाचे पणजोबा शोधतेस आणि भिंतीपलीकडच्या बाईला बापाचं नाव विचारलं नाहीस कधी?"

"तुझ्या तोंडाला लागायला नको म्हणून."

"आता लाग. मासळी पाठवते."

"नको, तुझ्या मुकल्ल्याच्या मासळीचा वास आठ दिवस जात नाही."

म्हणजे बदर मुझ्नाचा मामा. फारिस मामेभाऊ. मामेभावाशी खुशाल लग्न करावं! अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह. नमाजाच्या दोन रकात जास्तीच्या पढले. शेळीला खजूर घातला.

मुझ्ना विहिरीवर होती. आली की सांगते.

२५ रजब

मुझ्नाचं तोंड उतरलं. आता काय गं?

"हबाबा, मला त्या सुरबायाला नाही जायचं. दुधानं सुटले म्हणून मी शुक्राची नफल नमाज पढले होते."

"मग आधी तोंड शिवलं होतंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

सुरबायाला फोन मीच लावला. फारिसला म्हटलं, तुझी आत्या जिवंत आहे, मुकल्ल्याला जा, मासळी खा. पण मुलगी नको म्हणते. तो म्हणाला, "आत्या आहे?"

दुपारभर चटईवर पडून एकेका पिढीतल्या बायका आठवल्या. नावं सगळी येतात. यातल्या कुणाला विचारलं होतं, ते आठवेना. मला तर नाहीच.