अंधार पडायच्या आत

।। श्री ।।
प्लेनो, टेक्सस
१२ नोव्हेंबर २००६

ती. स्व. बाबांस,
सुवर्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्ही 'बरं आहे, ठेवू का?' याच्या पुढे जातच नाही, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक. तुमचे चिरंजीव देवदत्त नव्या प्रोजेक्टवर आहेत आणि शनिवारी दहापर्यंत झोपतात. म्हणजे सुनेच्या हाती पडूनही सुधारणा शून्य.

मुद्द्याचं बोलते. जानेवारीत तुम्ही यायचंच, मी तिकिटं बघून ठेवलीत. मागच्या जानेवारीतला आपल्या दोघांचा दिवस आठवतो ना? टेक्सोमा तळ्यावर धुक्यात पोचलो आणि पहिलाच दिसला तो थापट्या बदक. अरे, हा तर आपल्या नागपूरच्या तलावावरचा, म्हणून गाववाला भेटावा तसा तुम्ही त्याला चक्क नमस्कार केलात! मग दिवसभर शेतांमधून हिंडलो. कोवळ्या गव्हात ते पांढरे स्नो गीज पक्षी हजारोंनी चरत होते. इथल्या शेतकऱ्याला गोफण माहीत नाही वाटतं, असं तुम्ही म्हणालात, आणि मी हसण्याच्या नादात वळण चुकले.

पण खरी मजा राहूनच गेली. तिथल्या पक्षी-अभयारण्याच्या ऑफिसातल्या बाईंनी बजावलं होतं, सूर्य बुडताना तळ्याकाठच्या बाकावर बसा, शेतातले सगळे गीज एकदम पाण्यावर उतरतात. आपण बसलोही. आणि ऐन वेळी तुम्हाला थंडी वाजली, मफलर कानावर ओढून तुम्ही चल म्हणालात. वाटेत मान इतकी आखडली की घरी आल्या आल्या बाम शोधावा लागला. या खेपेला मी जाड थर्मल आणि हातमोजे आणलेत. अंधार पडेपर्यंत हलायचं नाही.

आपण सगळे स्थलांतरित पक्षी, अशी कविता इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कुणीतरी लिहितंच. मी लिहिणार नाही, घाबरू नका. फक्त या.

आशीर्वाद असू द्यावा, आणि होकारही.
तुमची
सुवर्णा

नागपूर
३० नोव्हेंबर २००६

चि. सौ. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी वाईट बातमी सांगून टाकतो. दिवाळीनंतर छातीत दुखलं, दवाखान्यात राहावं लागलं. आता बरा आहे, जिना चढतो, खिचडीला नावं ठेवतो. पण इतका लांबचा विमानप्रवास यापुढे नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. या जानेवारीतच नव्हे, कधीच नाही. तिकिटं राहू दे. देवदत्तला नीट समजावून सांग, तो लगेच घाबरतो.

आता दुसरं. मला थंडी वाजत होती हे तुला कोणी सांगितलं? अगं, नागपूरच्या थंडीत पहाटे तलावावर उभा राहणारा माणूस मी. तू सारखी घड्याळ बघत होतीस. म्हटलं, पोरगी आठवडाभर ऑफिसात राबते, सुट्टीचा दिवस सासऱ्यापायी गेला, आता घरी जाऊन स्वयंपाक कोण करणार? म्हणून चल म्हणालो. मफलर ओढला तो निमित्ताला. आणि मान काही आखडली नव्हती. तळं दिसेनासं होईपर्यंत मी काचेतून मागे बघत होतो. तू विचारलंस, मान दुखते का, तर हो म्हणालो. झालं! तुझा तो बाम रात्रभर डोळ्यांना झोंबला.

सख्खी मुलगी असती तर गप्प बस म्हणालो असतो, मला थांबायचंय म्हणालो असतो. सुनेला कसं म्हणावं? भीड ही भिकेची बहीण, असं आमची आई म्हणायची, ते काही खोटं नाही. सातासमुद्रापार आलो, बाकावर बसलो, आणि दहा मिनिटं आधी उठलो. वाईट वाटतं गं. फार वाईट वाटतं.

तू मात्र जा. माझ्यासाठी म्हणून थांब.

लोभ असावा, भीड नसावी.
तुझा
बाबा

प्लेनो, टेक्सस
२१ जानेवारी २००७

ती. स्व. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी किचनमध्ये ओट्याला टेकून रडले. देवदत्तला वाटलं, तब्येतीचं ऐकून रडते. तेही होतंच. पण बाबा, मी घड्याळ बघत होते ते सूर्य कधी बुडतो म्हणून! तुम्ही आता चल म्हणाल, मग म्हणाल, या धास्तीने माझा जीव खालीवर होत होता. स्वयंपाक कसला? देवदत्त त्या दिवशी मित्रांकडे जेवणार होता. माझ्या पिशवीत तिळाच्या वड्या होत्या, थर्मॉसमध्ये कॉफी होती, अंधार पडला की काढायची म्हणून लपवून ठेवली होती. घरी आल्यावर ती सिंकमध्ये ओतली. थोडं थांबू या ना, एवढं मला म्हणता आलं नाही. समोर माझे वडील असते तर हट्ट केला असता.

काल गेले होते. देवदत्त येतो म्हणाला, त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. तोच बाक. आधी नुसता आवाज आला, लांबून, शाळा सुटल्यासारखा. मग उत्तरेकडून, शेतांवरून, रांगांमागून रांगा. तळ्यावर येऊन ते पंख सैल सोडतात आणि गिरक्या घेत खाली पडतात, वाटतं आता आपटणार, आणि अलगद टेकतात. सगळं पाणी पांढरं झालं. बाबा, फार सुंदर होतं, आणि मला ते बघवेना.

माझ्या शेजारी दुर्बीण घेतलेले एक अमेरिकन आजोबा बसले होते. ते उठले, थंडी वाढली, निघत नाहीस का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही, आम्हाला अजून थांबायचंय. त्यांनी बाकावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि गेले. या खेपेलाही तिळाच्या वड्या नेल्या होत्या. एक मी खाल्ली, एक तुमच्या जागेवर ठेवली.

पूर्ण अंधार पडल्यावरच उठले.

लोभ आहे. भीड आता कशाला ठेवू?
तुमची
सुवर्णा