गाडी डावीकडे ओढायची

नाना, तुमची गाडी आता सरळ चालते. हे आधी सांगावं की शेवटी, यात दोन दिवस गेले, म्हणून आधीच सांगून टाकते.

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. ती जपानी टू-स्ट्रोक मोटारसायकल तेव्हापासून पार्किंगमध्ये जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी होती. तिची खोड तुम्हाला आठवत असेलच. जरा वेग घेतला की डावीकडे ओढायची. तुम्ही हँडलवर उजवीकडे जोर द्यायचात, मागे आई सवयीनं उजवीकडे कलून बसायची आणि मी टाकीवर. 'तिचा स्वभावच आहे तो,' म्हणायचात. सटाण्यापर्यंत आपण तिघं तिच्या स्वभावाशी भांडत जायचो आणि मला ते फार आवडायचं.

यंदा रविवारी रविवारी ती खोलायला घेतली. आईनं पहिल्याच दिवशी चहाबरोबर अट घातली, "काय बी बदल, पण त्यांच्या हातचं काही काढू नको." मी हो म्हटलं. कार्बोरेटर धुवायला तिची परात घेतली तेव्हा तुम्हाला पडायच्या त्याच शिव्या मलाही पडल्या. जपानी स्क्रूला साधा स्क्रूड्रायव्हर लावला की त्याचं डोकं झिजतं, हे तुम्ही दहादा बजावलं होतं. एकही स्क्रू खराब केला नाही, हे जरा ऐटीतच सांगते.

मग मागचं चाक धरणारा स्विंग आर्म काढला आणि आतून, त्याच्या बोल्टवर बसणाऱ्या नळ्या, तुमचे दोन पितळी बुश निघाले. ओरिजिनल कुठेच मिळेनात, तेव्हा अंबडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुम्ही लेथवर काढलेले. घरी आणून देवापुढे ठेवलेत, आईनं हळदकुंकू वाहिलं, मगच गाडीत बसवलेत. सहज म्हणून मी मापाचा व्हर्निअर लावला. एका बुशचं भोक मधोमध नव्हतं. एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. पुसून पुन्हा मोजलं, चष्मा बदलून मोजलं. म्हणजे चाकच त्यामुळे तिरकं बसत होतं, स्वभाव गाडीचा नव्हता, नाना! मला हसू फुटलं आणि मग पार्किंगमध्येच फरशीवर बसून रडले.

मी कॉलेजात असताना तुम्ही मला एक पिन मोजायला दिली होती. तुमच्या मनातला आकडा मला माहीत होता, मी तोच लिहिला. केवढे चिडलात. "मी म्हणतो म्हणून लिहू नको. जे दिसतं ते लिही. समोर बाप असला तरी." दोन दिवस बोलला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी हा व्हर्निअर आणून दिलात. आज मी ज्या खुर्चीवर बसून कारखान्याचा माल नापास करते, ती खुर्ची त्या रागातून मिळाली आहे. त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते, अगदी मनापासून.

तर मी तुमचे बुश काढले. ओरिजिनल हल्ली फोनवरून मागवता येतात, ते बसवले. आईला सांगितलं नाही.

परवा तिला मागे बसवून गंगापूर धरणाच्या रस्त्यानं नेलं. ती नेहमीसारखी उजवीकडे कलून बसली. थोड्या वेळानं तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं आणि ती सावरून बसली.

"आज ओढत नाय गं ही."

मग तिनं खांद्यावर हात ठेवला. "ते म्हणायचे ना, पोरीचा हात लय सरळ हाय. खरं होतं त्यांचं."

सांगायला तोंड उघडलं, नाना, आणि नुसतं "हो" म्हटलं.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आई सगळे कागद वाचते. कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवीन. जे दिसलं ते तुम्हाला लिहिलं. तिला नाही सांगवलं.