मासे कापणारे बापे

मुक्काम दुबई (पत्ता टाकत नाही, उद्या हॉटेल सोडायचंय)

सोनाबाई आत्येच्या पायांवर डोकं ठेवून कल्पेश लिहितो की मी जिवंत आहे. बरी बातमी एवढीच. तुझा गुडघा कसा आहे? पनवेलच्या मार्केटात बर्फ वेळेवर येतो का, की अजून त्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्या काढाव्या लागतात? फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकून पाटीत ठेवतेस आणि अख्खं मार्केट ऐकतं. म्हणून कागद. तू सातवी झालीस, माझ्याहून एक यत्ता जास्त, तेव्हा स्वतःच वाच. पत्र तौसीफ आणतोय (आपल्या पनवेलचाच, इथे मासळी बाजारात बर्फाची गाडी चालवतो, आजच सुट्टीवर निघालाय).

मी गुजरातच्या बंदरातून रजा टाकून इथे कशाला आलो ते तुला ठाऊक आहेच. पूर्वीच्या बाबांनी, काशिरामकाकांनी, तुझ्याच ओट्यावर बसून सुनावलं होतं, "तीन वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्यास. दिवाळीच्या आत दुबईचं पक्कं काम दाखव, नायतर पूर्वीला करंजाड्याचं स्थळ आलेलं हाय, त्यांना हो सांगतो." मग मी डोकं चालवलं. सहल कंपनीबरोबर जायचं आणि चार रात्री पाच दिवसांत काम शोधायचं. आत्ये, जन्मात एवढं डोकं मी कधी चालवलं नव्हतं. पुन्हा चालवणारही नाही.

आमच्या सहलीला हेतल मॅडम म्हणून बाई आहेत. हातात झेंडी, तोंडात शिट्टी, आणि आम्हा बत्तीस जणांच्या डोक्यावर गुलाबी टोप्या (कोंबडीची पिल्लं रंगवून विकतात तशी). पहिल्या दिवशी उंच इमारतीवर सगळे खाली बघत होते, मी काच पुसणाऱ्याला विचारलं, भाऊ, इथे कसा लागलास? त्याने टोपी बघितली, हसून माझा मोबाइल घेतला आणि माझे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वाळवंटात ड्रायव्हरला म्हटलं, काही काम असेल तर सांग. त्याने मला उंटावर बसवलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये, आपली मेहनत दिसावी म्हणून, मी लोकांच्या उष्ट्या ताटल्या गोळा करायला लागलो. वेटर घाबरला, मॅनेजर धावत आला, दोघांनी माझी माफी मागितली आणि वर केक दिला. आत्ये, या गावात माझी इतकी इज्जत झाली की काम मिळायची आशाच संपली.

आज चौथा दिवस. सकाळी हेतल मॅडमना चुकवून तौसीफबरोबर मासळी बाजारात गेलो. बाजार कसला, दवाखाना! एसी, पांढरी फरशी, आणि वास नाही (मासळीला वास नाही म्हटल्यावर माझा जीवच घाबरला). आत एका हॉलमध्ये रांगेने उभे राहून मासे कापतायत कोण, तर बापे! मिशीवाले, दांडगे! मला हसू आवरेना. बाजूला गमबूट घातलेला एक म्हातारा उभा होता, त्याने हिंदीत विचारलं, काय झालं? मी त्याला सगळं समजावलं. आमच्यात बापे दर्यावर जातात, कापायला आणि विकायला बाया बसतात, बाप्याने कोयत्याला हात लावला तर आळीत तोंड दाखवता येत नाही. तू कशी पाय पसरून बसतेस आणि गिऱ्हाइकावर खेकसतेस ते करूनही दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुला येतं का कापता? मी म्हटलं, कोळ्याचा पोर आहे, रक्तातच आहे.

त्याने माझ्यासमोर एक हामूर ठेवला. हामूर म्हणजे आपला गोबरा. तेवढ्यात तौसीफ बर्फ घेऊन आला आणि पांढरा पडला. "कल्प्या, येडा हायस काय? ह्यो मालक हाय! कापायला मानूस पायजे म्हणून मीच त्याला तुजं सांगितलंय!" पण सुरी हातात आली होती. आत्ये, खवलं माझ्या कानात गेली, काटा माशात राहिला, आणि मांस कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. ज्या गिऱ्हाईक बाईंचा तो मासा होता त्यांनी डोळे झाकून घेतले. मालकाने स्वतः पाइप धरून माझे हात धुतले. म्हणाला, शिकून ये, महिनाभर जागा ठेवतो. मी बसमध्ये चढलो तेव्हा एकतीस माणसं काचा उघडायला धावली. त्या बसच्या काचा उघडत नाहीत.

आता खोलीत बसलोय. खाली एवढं झगमगतं शहर, आणि सगळ्यांना कुठेतरी जायचंय. मी एकटाच असा की जिथे जातो तिथून परत पाठवतात, तेही हात धुऊन.

तुझा, कुठेच न टिकलेला
कल्पेश

ता. क. गुजरातला परत जात नाही. ही सहावी सोडली. रविवारी तुझ्याकडे येतो, मला मासा कापायला शिकव. मार्केटात नको, घरी, दार लावून. मारलंस तरी चालेल.

आणखी एक ता. क. काशिरामकाकांना सांग, कल्पेशला दुबईत मासळीच्या मोठ्या धंद्यात घेणार आहेत. काम कुठलं ते सांगू नको. पूर्वीला मात्र खरं सांग. ती हसली तर मी आल्यावर कळलं तरी चालेल. नाही हसली, तर स्पीकरवर टाकून का होईना, पण लगेच फोन कर.