यंत्राला न सापडलेली बहीण

तीर्थरूप दादास,

चिमटीचा नमस्कार. (तीर्थरूप लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस.) तुझी कंबर, वहिनीचा खोकला आणि चष्म्याचं दुकान, तिन्ही धड आहेत असं धरून चालते. चार वर्षांत विचारायचं बरंच साठलंय, पण आधी माझं ऐक.

मी लादी पुसते त्या कचेरीत एका यंत्राला शिकवतात. ते दिवसभर इंटरनेटवरची पानं वाचतं आणि जगात काय खरं ते ठरवतं. दोन पानांनी एकच गोष्ट सांगितली की झालं. (आत्याला तर एकाच शेजारणीचं पुरायचं.) मग माणसं बरोबर की चूक ते बटण दाबून सांगतात. एकदा त्याने उशीला प्राण्यांत घातलं, कारण मांजरासारखी तीही मऊ आणि गादीवर लोळलेली. शिकलीसवरलेली पोरं डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, उशीला भूक लागते का ते विचारा त्याला. तेव्हापासून दुपारी दोन तास मला खुर्चीत बसवतात.

दादा, त्या खोलीत गार असतं, यंत्र घुमत असतं, आणि एकेक ओळ वर येते. नदी समुद्राला मिळते. बरोबर. लोखंड गंजतं. बरोबर. मावशी म्हणजे आईची बहीण. बरोबर. हळूहळू वाटायला लागतं, जग आत्ताच कुणी मांडतंय आणि मी हो म्हटल्यावरच ते खरं होतंय. परवा समुद्राला हो म्हटलं आणि खरंच पावलांना पाणी लागलं. (बादली लवंडली होती.)

त्याच गारव्यात पुढची ओळ आली, तुझ्या नावानिशी, दुकानासकट. या चष्मेवाल्याला बहीण नाही.

मी चूक दाबलं. यंत्र ऐकेना. दोन पानं काढून दाखवली. तुझ्या चिरंजीवांनी दुकानाच्या पानावर तुझ्याबद्दल लिहिलंय, ‘आईबापाचं एकटंच लेकरू, ना भाऊ ना बहीण’. दुकानदार मंडळाने तेच उतरवून घेतलंय. तिथली मुख्य बाई म्हणाली, "मावशी, त्याला पान लागतं. तुमच्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही."

एवढी मी तोंडाची, आणि कुठेच लिहिलेली नाही.

तुझ्या चष्म्यातून जिना लाटांसारखा हलतो, असं मी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, मान्य. नंबर बरोबर आहे, तुझं डोकंच तिरकं, असं तूही म्हणालास. तेवढ्यावरून बहीण पुसतात का?

तुझी,
चिमटी

ता. क. पोराला सांगून ती ओळ बदल. यंत्राचं म्हणणं पक्कं करू नका म्हणून मुख्य बाईला मी सोमवारपर्यंत थांबवलंय.

ता. क. आणखी एक. नंबर बरोबरच होता. वाचायचा चष्मा लावून मी जिना उतरत होते, हे मला मागच्या वर्षी कळलं. आता त्याची दांडी मोडलीय आणि दुसऱ्या कुणाचा चष्मा माझ्या नाकावर ठरत नाही. रविवारी येते. माप घेत बसू नकोस, आरशात स्वतःचं नाक बघून बनव.