परीक्षकसाहेबांना जिन्यावरून उतरवताना

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (पत्रातूनच, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). खोकला कमी आहे ना? मामींचा कान काय म्हणतो? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

झालं असं, की आमच्या रुग्णवाहिका खात्यात यंदापासून शारीरिक क्षमतेची चाचणी सक्तीची झाली. दोघांनी मिळून स्ट्रेचरवरचा पेशंट तिसऱ्या मजल्यावरून, मध्ये कुठेही न टेकवता, खाली आणायचा. जमलं नाही तर गाडीवरून काढून टेलिफोनच्या टेबलावर बसवणार. इतकी वर्षं लोकांच्या दारात धावत गेलेला मी, आता नुसतं 'पत्ता सांगा' म्हणत बसू? या काळजीने मला जेवण जाईना. (ही म्हणते, तसं काही तिच्या पाहण्यात आलं नाही.)

पेशंट म्हणून वाळू भरलेला बाहुला होता. पहिल्याच जोडीच्या हातात त्याची शिवण उसवली आणि जिनाभर वाळू झाली. परीक्षक म्हणजे गळ्यात शिटी घातलेले एक उंचेपुरे गृहस्थ. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, ती माझ्या पोटावर येऊन थांबली. "तुम्ही झोपा," म्हणाले. मामा, नोकरीत इतका सोपा हुकूम मला कधी मिळाला नव्हता.

पट्टे आवळले, मी उचलला गेलो आणि छत माझ्यावरून संथ वाहू लागलं. आयुष्यभर पायऱ्या पाहिल्या, पण जिन्याची खालची बाजू कधी पाहिली नव्हती. ती कुणीतरी फिकट निळ्या रंगाने रंगवली आहे. कुणासाठी, कोण जाणे. दिवे एकेक करून यायचे, कपाळावरून सरकून मागे जायचे. खिडकीत एक ढग आला, अर्धा मजला माझ्याबरोबर उतरला आणि मागे राहिला. वळणावर स्ट्रेचर कलला तसे मी दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरले. इतक्या लोकांना मी आजवर 'घाबरू नका' म्हटलं, आता मला कोण म्हणणार? तेवढ्यात डोक्याशी असलेली नवी परिचारिका म्हणाली, "काका, घाबरू नका. धरलंय मी." इतकं बरं वाटलं की मी चक्क झोपलो. (घोरलोही म्हणे.) पुढच्या जोड्यांनी मला आळीपाळीने उतरवलं, ते सगळं अर्धवट स्वप्नातच गेलं.

मग माझी पाळी. जोडीला आमच्या गाडीची ड्रायव्हरबाई. पण पेशंट कोण होणार? बाकीचे सगळे कंबर धरून पसार झालेले. शेवटी साहेब स्वतःच आडवे झाले. दुसऱ्या मजल्याशी माझ्या छातीचा भाता झाला. टेकवला. उचलला, पुन्हा टेकवला. साहेबांकडे बघायची हिंमत होईना. बघितलं, तर ते लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले! त्यानंतर आम्ही त्यांना काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखं जपून उतरवलं, आणि खाली अंगणात आल्यावरही तसेच धरून उभे राहिलो. उठवायचं कुणी?

डोळे उघडल्यावर ते जरा वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग एकदम आठवून म्हणाले, "किती वेळा टेकवलं?"

"एकदाही नाही," बाई म्हणाली. "दोनदा," मी म्हणालो. एकाच वेळी. (तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.)

साहेब हसले. "मला कळलंसुद्धा नाही. पण नापास ते नापास. महिन्याने परत या, तेव्हा मी जागा राहीन." आणि हळूच म्हणाले, "निदान प्रयत्न करीन."

असो. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक आणि तूर्त नापास
भाचा

ता. क. : सरावाला माणूस हवं आहे. ही स्ट्रेचरवर झोपायला तयार नाही. तुम्ही अंगाने अगदी साहेबांइतके, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. रविवारी ड्रायव्हरबाईला घेऊन (तोवर बोलायला लागेल) येऊ का?

आणखी एक : खरं सांगायचं तर सरावाला ऑफिसचा जिना मोकळाच असतो. पण मामींनी कळवलं, की गुडघे गेल्यापासून तुम्ही खाली उतरलाच नाहीत, दिवसभर खिडकीतून झाडाखालच्या बाकाकडे बघत असता. तर चपला घालून तयार राहा. परत वर कसं न्यायचं, ते बाकावर बसून तिघं मिळून ठरवू.