गाठ माझ्याच नावाने ठेवा

प्रिय संगमेश,

काल तू फोनवर बोललास ते सगळं मी मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. आज पेंडीची पोती आत लावून घेतली, शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसले. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. कागदावर ते जमणार नाही.

"अक्का, मांडीचं आप्रेशन केलीस, लई बरं झालं. पन ती गाठ त्या संशोधनवाल्यांना कशाला देऊन राहिलीस? आन् घरादाराची माहिती कशापायी? परत माग," असं तू म्हणालास. दिलेली संमती मागे घेता येते, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी घेणार नाही.

आपल्यात माणूस मातीत अख्खा जायला हवा, हे तुझं म्हणणं. तुझी अक्कलदाढ डॉक्टरने उपटून बादलीत टाकली, तेव्हा तू ती मागायला गेला नव्हतास. खरं कारण मला ठाऊक आहे. तुझ्या लेकीची, वर्षाराणीची सोयरीक चालली आहे आणि घराण्यात कॅन्सर आहे म्हटल्यावर मुलाकडचे पाठ फिरवतील, ही तुला भीती. अरे, त्या गाठीवर आणि रिपोर्टांवर माझं नावच राहणार नाही, नुसता नंबर राहणार. त्यावरून मीच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी भांडले. म्हटलं, गाठ माझी आहे, माझ्याच नावाने ठेवा. मी काय चोरी केली आहे? त्या हसल्या, पण नियम सोडला नाही.

अशी गाठ फार थोड्यांना होते. म्हणून औषध शोधणाऱ्यांना कुठून कुठून एकेक रोगी जोडावा लागतो. मला याचा उपयोग होईलच असं नाही, हेही बाईंनी तोंडावर सांगितलं. माझ्या फुप्फुसात ठिपके दिसलेत. उपचार चालू आहेत, पण मला स्वतःला फसवून घ्यायचं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही होतं का? मी अप्पांचं सांगितलं.

अप्पांना वात आहे, असंच ऐकत आपण वाढलो. ते गेले तेव्हा मातीत ठेवण्यासाठी आपल्या रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून बसवायला घेतलं, तर डावा पाय दुमडेना. तू लहान होतास, तुला शेजारी नेऊन बसवलं होतं. मी तिथेच उभी होते. धोतराखाली नारळाएवढी गाठ होती. आईला ती माहीत होती. ती वाढायला लागली तेव्हा माझी सोयरीक चालू होती, म्हणून दोघांनी मिळून झाकली. माझं लग्न ठरल्याप्रमाणे झालं आणि त्यासाठी अप्पा दवाखान्याची पायरी न चढता गेले. मला कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं, तर मांडव मोडून मी त्यांना घेऊन गेले असते. याचा मला आजही संताप येतो.

आणि आता तेच तू करतो आहेस. परवा महादेवीने फोन केला आणि नुसती रडत राहिली. तुझ्या दंडात गाठ आहे, दिवाळीपासून वाढते आहे, आणि वर्षाचं लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून तू बायकोला शपथ घातलीस. तिने ती मोडली, शहाणी आहे. तिच्यावर आवाज चढवायचा नाही. सोमवारी लातूरला ये. डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलंय. काही निघालं नाही तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण नाही आलास, तर मी काठी टेकत एसटीने नांदेडला येईन आणि मुलाकडची माणसं बसली असतील तिथेच तुझी बाही वर करीन. वर्षाला दुसरं स्थळ मिळेल. मला दुसरा भाऊ नाही.

तुझीच, तुझं न ऐकणारी,
कमलम्माक्का